पाळकांना हिशेब विचारला तर पाप लागतं का?

"ताई, कोण बरोबर, कोण चूक ते राहू द्या. एवढंच सांगा, मी बोलले तर मला पाप लागंल का?"

खुर्चीत नीट टेकल्याही नव्हत्या, तोवर त्यांनी हे विचारलं. मांडीवर पिशवी, पिशवीत शंभर पानी वही. जालना जिल्ह्यातल्या एका लहानशा ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, त्या खजिनदार. दिवसभर पतसंस्थेत रोखपालाचं काम करतात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत. लिहायला त्यांची परवानगी आहे.) तीन महिने धड झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हतं. त्याहून जास्त खुपत होतं ते हे, की तीन महिन्यांत त्या एकदाही प्रभुभोजनाला (पाळकांच्या हातून भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीला) पुढे गेल्या नव्हत्या.

विषय हंगामाच्या सणाचा होता. आमच्याकडे त्याला सगळे हार्वेस्टच म्हणतात. ज्वारी निघाली की जो तो आपल्या रानातलं देवापुढे आणून ठेवतो. कुणी तुरीचं पोतं, कुणी भोपळा, कुणी पाय बांधलेला गावरान कोंबडा. उपासना संपली की त्याच आवारात लिलाव होतो. बाजारात चाळीस रुपयांना मिळणारा भोपळा तिथे नऊशेला जातो, कारण बोली भोपळ्यावर नसतेच. त्या दिवशी या बाईंनी प्रत्येक बोली वहीत टिपली होती. बेरीज 41,350. पुढच्या आठवड्यात पाळकसाहेबांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, मंडळीच्या रजिस्टरात रक्कम लिहून दिली ती 29,800.

"हेच पाळकसाहेब माझे वडील वारले तेव्हा रात्रभर आमच्या ओसरीवर बसून होते," त्या म्हणाल्या. "मी कोण त्यांचा न्याय करणारी? दोष काढू नका असं वचनातच आहे. सासूबाई म्हणतात, अभिषिक्ताविरुद्ध, देवानं नेमलेल्या माणसाविरुद्ध, तोंड उघडलं तर घराला शाप लागतो. आन् बाहेर कळलं तर? आधीच आपण मूठभर. लोकांच्या हातात आयतं कोलीत."

मराठवाड्यातल्या मंडळ्या ज्यांनी आतून पाहिल्यात, त्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात बेथेल वसवलं, तेव्हापासूनच्या वस्त्या या भागात आहेत. पिढ्यान् पिढ्या सगळे एकमेकांचे सोयरे. पाळक नुसते उपदेश करत नाहीत. शाळेचा दाखला, दवाखाना, पोरीचं स्थळ, सगळ्याला तेच धावून येतात. अशा माणसाला हिशेब विचारायचा म्हणजे आपल्याच घराचं आढं हलवल्यासारखं वाटतं. माझ्याच मंडळीत, बऱ्याच वर्षांपूर्वी, कळत असूनही मी गप्प बसले होते. त्याला मी क्षमा म्हणायचे. ती भीती होती. तिची किंमत ज्यांनी मोजली त्यांत मी नव्हते. म्हणून या बाईंना 'सोडून द्या, प्रार्थना करा' एवढंच सांगून परत पाठवणं मला शक्य नव्हतं.

मी त्यांना एक कागद दिला. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा म्हटलं. त्यांनी दोन आकडे लिहिले. मग म्हटलं, आता मनात काय बसलंय ते लिहा. पेन बराच वेळ थांबलं. मग लिहिलं, 'पाळकसाहेबांनी पैसे खाल्ले.'

"या दोन ओळींच्या मध्ये काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. "मध्ये काहीच नाही."

"त्यांना विचारलंत?"

"नाही."

"दुसऱ्या कुणाला बोललात?"

नणंदेला, जावेला, महिला मंडळातल्या दोघींना. सांगता सांगता आवाज बारीक होत गेला. ज्या न्यायाची त्यांना भीती वाटत होती, तो न्याय चुलीजवळ बसून कधीच झाला होता. आरोप, साक्ष, निकाल, सगळं. फक्त आरोपीला बोलावलं नव्हतं. मंडळ्यांमध्ये हे मी सतत बघते. समोर बोलणं म्हणजे दोष काढणं, आणि माघारी बोलणं म्हणजे नुसतं मन मोकळं करणं, असा आपला समज होऊन बसलाय. मला तो अगदी उलटा वाटतो.

बायबलमध्ये मत्तयाच्या सातव्या अध्यायातलं ते वचन आम्ही पुढे वाचलं. आपल्या डोळ्यातलं मुसळ आधी काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. कुसळ राहू दे, असं येशू म्हणत नाही. योहानाच्या सातव्या अध्यायात तर तोंड पाहून न्याय करू नका, यथार्थ न्याय करा, अशी सरळ आज्ञाच आहे. बाई बराच वेळ त्या 'तोंड पाहून'वर थांबल्या. मग आपणहून म्हणाल्या, महिला मंडळाच्या पेटीतून त्यांनी दिवाळीला दोन हजार उचलले होते, ते अजून परत केलेले नाहीत. कुणी मागितलेही नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ते भरले आणि पावती घेतली. ही गोष्ट मी सुचवलेली नव्हती.

राहिला अभिषिक्ताचा प्रश्न. हे वाक्य लोकांना गप्प करायला इतक्या वेळा वापरलं जातं की मूळ गोष्ट कुणी उघडूनच बघत नाही. 1 शमुवेल, अध्याय 24. एन-गेदीच्या गुहेत अभिषिक्त राजा शौल दावीदाच्या हाती सापडतो; याच दावीदाला मारायला तो निघालेला असतो. दावीद त्याला मारत नाही, झग्याचा काठ तेवढा कापून घेतो, आणि तेवढ्यानंही त्याचं मन त्याला खातं. शौल बाहेर पडल्यावर मात्र दावीद मागून बाहेर येतो, राजाला हाक मारतो, जमिनीपर्यंत लवून मुजरा करतो आणि तो काठ उंच धरून विचारतो, तू माझ्या जिवावर का उठलास? दोघांच्याही माणसांना ऐकू जाईल असं. हात उचलला नाही, आदर सोडला नाही, पण पुरावा हातात धरून तोंडावर विचारलं. अभिषिक्ताला हात न लावणं म्हणजे काय, ते त्याच पानावर दिसतं.

"म्हणजे माझी वही म्हणजे तो काठ," त्या म्हणाल्या.

इथे एक सांगायलाच हवं. मत्तय 18 मध्ये आधी एकट्यानं जाऊन भावाला सांग, मग एकदोघांना बरोबर ने, मग मंडळीला सांग, अशी रीत दिली आहे. पैशाच्या, वागण्याच्या बाबतीत मी ती मानते. पण एखाद्या मुलीशी, बाईशी, लेकराशी कुणी वावगं वागलं असेल, तर तिला 'आधी एकटी जाऊन त्यांच्याशी बोल' असं कुणीही सांगू नये. अशा बाईला सांभाळणारं माणूस आधी बरोबर हवं. मूल असेल तर 2012 च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे मंडळीची अब्रू मध्ये आणायची नाही.

बाईंनी पाळकसाहेबांना विचारायचं वाक्य माझ्यासमोर पाचसहा वेळा म्हणून पाहिलं. 'कुठे गेले' काढलं, 'मला समजत नाही, समजावून सांगा' घातलं. नवरा अंगणात थांबला आणि त्या आत गेल्या.

पाळकसाहेब आधी भडकले. मग गप्प झाले. मग म्हणाले, एका घरात ऑपरेशन होतं, 8,000 त्यांना दिले, पावती घेतली नाही. उरलेल्या 3,550 चं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. पगार तीन महिने थकला होता, एवढंच ते बोलले. बाई मला म्हणाल्या, "मी चोर बघायला गेले होते, आन् तिथं थकलेलं माणूस बसलेलं होतं. पण 3,550 तर 3,550 च ना?"

हो. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही धरून ठेवणं अवघड होतं. कमिटीत सांगायला ते तयार नव्हते. मग दोन वडीलमंडळी बरोबर गेली. 8,000 ची खातरजमा त्या घरी जाऊन झाली. शेवटी कमिटीपुढे सगळं आलं, रजिस्टर दुरुस्त झालं, उरलेली रक्कम हप्त्यांनी भरायची ठरली, आणि पाळकांचा पगार का थकतो हेही पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. दानार्पण दोघांनी मोजून सही करायची आणि आकडा त्याच उपासनेत वाचायचा, हा नियमही झाला. एका वडीलधाऱ्यांना यात अविश्वास वाटला. त्यांना प्रेषित पौलाच्या पत्रातलं 2 करिंथ 8 वाचून दाखवलं: यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेला पैसा पौल एकटा नेत नाही, मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतो, कारण त्याला प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही चोख राहायचं असतं. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950 चा कायदाही नोंदणी झालेल्या ट्रस्टकडून हिशेबाची तपासणी मागतोच. पौलानं तो कायदा यायची वाट पाहिली नव्हती.

सगळं गोड झालं नाही. दोन घरांनी बाईंकडे येणं-जाणं सोडलं. सासूबाई अजून शापाचं बोलतात. पाळकसाहेब कितीतरी दिवस फक्त "सलाम" एवढंच बोलायचे.

यंदाच्या हार्वेस्टनंतर त्या भेटायला आल्या. लिलावाचे आकडे यावेळी फळ्यावर खडूनं लिहिले, आणि लिहायला पाळकसाहेब स्वतः उभे राहिले, म्हणाल्या. झोप लागते. प्रभुभोजनाला जायला लागलात का, असं मी विचारलं.

"जाते. अजून त्यांच्या तोंडाकडं बघवत नाही, ताई. पण हात पुढं करते."