रोडगे आतून कच्चे का राहतात?

प्रश्न : शेतातल्या पंगतीचे रोडगे (गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे जाड गोळे) वरून करपतात, आत चिकट राहतात. काय चुकतं?

उत्तर : जाळ! गोवऱ्या धूर सोडत असताना रोडगे टाकूच नका. ज्वाळ पूर्ण बसून लाल निखारा उरला पाहिजे. कणीक जाडसर दळलेली घ्या, एक किलोला अर्धी वाटी तेल आणि मीठ, मळायची मात्र घट्ट. सैल कणकेतलं पाणी आतच अडकतं. तीन पाऱ्यांना (कणकेच्या छोट्या चकत्यांना) मधे तेल लावून त्या एकीत एक गुंडाळा, म्हणजे पदर सुटतात. निखाऱ्यावर फिरवत कडक शेकून मग गरम राखेत अर्धा तास पुरा. बोटाने ठोकल्यावर पोकळ वाजला की काढा. राख फडक्याने झटकून, फोडून तूप ओता. सोबत वांग्याची भाजी हवीच.