किंग्ज क्वेस्टसारख्या जुन्या कॉम्प्युटर गेममध्ये पॉइंट मिळाला की ती छोटी ट्यून का वाजायची?

अरे कारण त्या गेममध्ये कमांड टाइप करायला लागायच्या, आणि आपण केलं ते बरोबर की उगाच हे पटकन कळायला दुसरं फारसं काही नव्हतं, म्हणजे वर स्कोअर दिसायचा, किंग्ज क्वेस्टमध्ये (1984) एकूण 158 पैकी, पण नजर तिकडे कुठे असते, कानाला मात्र लगेच कळतं. सदाशिव पेठेत मामाकडे आम्ही तिघं एका खुर्चीवर बसून खेळायचो, बागेतलं गाजर घेतलं की टिर्रर्लिंग, आणि मामी स्वयंपाकघरातून विचारायची, "मिळालं का रे काही?"

इतकी छोटी का, तर पीसी स्पीकर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला साधा स्पीकर, एका वेळी एकच सूर काढायचा. मग सूर एकामागून एक भरभर वाजवायचे. आयबीएम पीसीज्युनिअर आणि टँडी ह्या तेव्हाच्या कॉम्प्युटरमध्ये एकदम तीन सूर काढणारी वेगळी चिप होती, तिथे तीच ट्यून भरलेली वाटते, दोन्ही ऐकून बघ, फरक लगेच कळेल. मला विचारशील तर स्पीकरवालीच गोड. एफ2 दाबून आवाज बंद व्हायचा, पण आम्ही रात्रीसुद्धा कधी केला नाही.