आधी काकणकाराचं विचार

अरे, गोव्यातल्या आपल्या घराण्याची मुळं शोधायची तर जन्मनोंदींमागे धावण्याआधी घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईजवळ बस. ‘पणजोबांचं नाव काय?’ असं नको. बांगड्या भरणारा काकणकार कधी यायचा, कल्हईवाला अंगणात भाता कुठे मांडायचा, ते विचार. काकणं भरल्याच्या आठवणींत माझ्या आजीने तीन नणंदांची लग्नं क्रमाने सांगितली. त्यातली एक आम्हाला ठाऊकच नव्हती!

उधारीची जुनी वही मिळाली तर चलन बघ. पोर्तुगीज राजवटीतला रुपया-टांगा असेल तर बहुधा १९५८च्या आधीची, त्याच्या जागी आलेलं एस्कुद असेल तर नंतरची. मग पणजी शहरातलं पुराभिलेख खातं, म्हणजे जुनी सरकारी कागदपत्रं जपणारं खातं, आणि देवळातली महाजनांची, म्हणजे देवस्थानाच्या वंशपरंपरागत सभासदांची, यादी. आणि हो, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी उलटी करून बघ. त्यांवर नावं कोरलेली असतात, कधी आजीच्या माहेरचीसुद्धा.