ऐरोलीत राहतो, मुलगी बौद्धिक दिव्यांग आहे, पुढच्या महिन्यात १८ पूर्ण होतील. आधी काय करावं?

आधी पालकत्वाचं बघा. १८ झाल्यावर कायद्याने ती सज्ञान, त्यामुळे बँकेत आई-बाबांची सही आपोआप चालत नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे. ऐरोली ठाणे जिल्ह्यात, म्हणून तुमचं काम ठाण्यातच. (खारघरवाल्यांना मात्र रायगड, म्हणजे अलिबाग!) यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) मुदतही तपासा. न्यासाचीच 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंत.

कामधंद्याचं म्हणाल, तर वाशीचं महापालिकेचं ईटीसी केंद्र (दिव्यांगांसाठीचं शिक्षण-प्रशिक्षण केंद्र) आणि बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेची खारघरची शाखा, दोन्हीकडे प्रत्यक्ष जाऊन चौकशी करा.

पण माझ्या मते खरं काम घरात आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात तिला एकटीला पाठवा. पन्नासची नोट, अर्धा लिटर दूध, उरलेले पैसे मोजून परत. पहिले काही दिवस तुम्ही लांब उभे राहा, दुकानदाराला सांगून ठेवा. पाळीची स्वच्छता, नको त्या स्पर्शाला ठाम 'नाही' म्हणणं, हेही आत्ताच शिकवा. आणि पालक नेमल्याचं पत्र मिळालं तरी तिला काय हवंय ते तिलाच विचारा, नातेवाईक काहीही म्हणोत.