बेट किती लावायची? पोकरच्या कॅश टेबलावर नव्याने बसणाऱ्याला पत्र

प्रिय मित्रा,

तुझं पत्र आणि त्यात लिहिलेले डाव नीट वाचले. कोणते पत्ते खेळायचे आणि कोणते टाकायचे, ही निवड तुला बरीच जमली आहे. दुखणं दुसरीकडे आहे. तू जिंकलेले पॉट (डावात मधे जमलेले पैसे) लहान आहेत आणि हरलेले मोठे. असं सतत होत असेल तर दोष पत्त्यांचा क्वचितच असतो, तो बेटच्या आकड्याचा असतो. म्हणून आज फक्त त्या आकड्याबद्दल लिहितो. उदाहरणं १-२ ब्लाइंडच्या (दोघांनी आधीच सक्तीने टाकायचे १ आणि २, म्हणजे स्मॉल आणि बिग ब्लाइंड) नो-लिमिट होल्डेमची (कितीही लावता येणारा पोकरचा प्रकार) आणि २०० च्या स्टॅकची (समोरच्या एकूण चिप्सची) घेतो. चलन कुठलंही असलं तरी प्रमाण बदलत नाही.

सगळ्यात आधी पॉट मोजायची सवय लाव. ऑनलाइन खेळताना तो पडद्यावर लिहिलेला असतो, टेबलावर तो आपणच लक्षात ठेवायचा असतो. नो-लिमिटमध्ये डीलर सहसा पॉट मोजून सांगत नाही, फार तर चिप्स पसरून दाखवतो. फ्लॉप (टेबलावरचे पहिले तीन सामाईक पत्ते) उघडण्याआधीच हिशोब कर: तू १२ ला रेझ केलंस (बेट वाढवलीस), बटणने (फ्लॉपनंतर शेवटी खेळणाऱ्याने) आणि बिग ब्लाइंडने कॉल केलं (तेवढेच भरले), म्हणजे तीन बारा छत्तीस आणि स्मॉल ब्लाइंडने सोडलेला १. रेक (टेबल चालवणाऱ्याचा वाटा) वजा जाता ३६ धर. पुढच्या प्रत्येक पत्त्याला यात भर घालत जा. डाव सोडून दिला असेल तेव्हाही मोजत राहा, सराव तेव्हाच होतो. ज्याला पॉट माहीत नाही त्याची ‘अर्धा पॉट’ बेट म्हणजे निव्वळ अंदाज असतो.

आता फ्लॉपआधीची रेझ. ऑनलाइन अडीच-तीन बिग ब्लाइंड पुरतात, म्हणून तू टेबलावरही ६ ला रेझ करतोस आणि मग चौघे कॉल करतात. त्यांच्या दृष्टीने ६ म्हणजे काहीच नाही. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हँडविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकते, चार हँडविरुद्ध सुमारे ५६ टक्के. पॉट मोठा होतो हे खरं, पण फ्लॉपनंतर कोणाकडे काय आहे याचा थांग लागत नाही आणि निर्णय अवघड होत जातात. १-२ च्या ढिल्या टेबलावर सुरुवात १० ते १२ पासून कर. आधी कोणी लिम्प केलं असेल (रेझ न करता फक्त २ भरले असतील) तर प्रत्येकामागे २ वाढव. तुला त्यांच्याआधी खेळावं लागणार असेल, म्हणजे पोझिशन नसेल, तर आणखी २-४ घाल. दोन लिम्पर आणि तू स्मॉल ब्लाइंडमध्ये असशील तर १६ ते १८ अजिबात जास्त नाही. नेमका आकडा टेबल सांगतं. १२ ला चौघे येत असतील तर १५ करून बघ. १० ला सगळेच पळत असतील तर खाली ये. एक किंवा दोन कॉल मिळणारा आकडा शोधायचा आहे. रेझ मोठी केलीस की पत्ते मात्र घट्ट निवडायचे. १५ ला उघडून सातआठ सुटेड (एकाच रंगाचे, म्हणजे दोन्ही बदाम वगैरे) खेळत राहिलास तर हिशोब जुळणार नाही.

कोणाच्या रेझवर री-रेझ करायची तर पोझिशन असताना तिप्पट, नसताना चौपट. मधे कोणी कॉल केलं असेल तर त्याच्या एका रेझइतकी भर. १२ च्या रेझवर बटणवरून ३६-४०, ब्लाइंडमधून ४८-५०. राण्यांची जोडी घेऊन २४ ची री-रेझ करणं म्हणजे समोरच्याला स्वस्तात फ्लॉप दाखवणं.

इथून खरा मुद्दा सुरू होतो. फ्लॉपवरच्या बेटचा आकडा फ्लॉपसाठी नसतो, तो रिव्हरपर्यंतच्या (पाचव्या, शेवटच्या सामाईक पत्त्यापर्यंतच्या) आखणीचा पहिला हप्ता असतो. वरचंच उदाहरण पुढे ने. पॉट ३६, मागे (स्टॅकमध्ये उरलेले) १८८, तुझ्याकडे सेट (हातातली जोडी आणि टेबलावर तसाच तिसरा पत्ता). दोन तृतीयांश लावलास, २४, एकाने कॉल केलं: पॉट ८४, मागे १६४. टर्नवर (चौथ्या पत्त्यावर) ५६: पॉट १९६, मागे १०८. रिव्हरवर उरलेले १०८ म्हणजे पॉटच्या निम्म्याहून थोडे जास्त. ऑल-इन (उरलेले सगळे लावणं) सहज बसतं, कोणाला ते अवाजवी वाटत नाही. आता हेच एक तृतीयांशने कर. १२, मग २०, मग ३३. शेवटी पॉट १६६ आणि तुझ्यापुढे १२३ तशाच पडून. तोच सेट, तोच कॉल करणारा माणूस, पण फ्लॉपनंतर त्याच्याकडून १८८ ऐवजी ६५ आले. तुझ्या पत्रातल्या बहुतेक ‘लहान जिंकलेल्या’ पॉटमध्ये हेच झालंय. म्हणून पहिली बेट लावण्याआधी स्वतःला विचार: रिव्हरला मला पॉट केवढा हवाय? सगळा स्टॅक आत जावासा वाटत असेल तर तीन बेटांत तो कसा जाईल ते मागून पुढे मोज. टॉप पेअर (टेबलावरच्या सर्वांत मोठ्या पत्त्याशी जुळलेली जोडी) आणि मध्यम किकर (हातातला दुसरा पत्ता) असेल तर दोनच बेटांचा पॉट पुरे, तिसऱ्यांदा चेक करायची (बेट न लावता पुढे जायची) जागा आधीच ठरवून ठेव.

या मोजणीत स्टॅक तुझा धरायचा नाही, दोघांतला जो लहान तो धरायचा. समोरच्याकडे फ्लॉपला फक्त ४८ उरले असतील तर पॉट ३६ मध्ये १८ आणि मग ३० असे दोनच हप्ते आहेत. पॉट ६० आणि तुझ्याकडे ७० असताना ४० लावून ३० मागे ठेवणं तर अगदीच निरर्थक. कॉल झालं की पॉट १४० होतो, तिथे उरलेल्या ३० साठी फोल्ड करता (डाव सोडता) येत नाही. मग आधीच सगळे लाव किंवा चेक कर. कोणी स्ट्रॅडल (पत्ते बघण्याआधी स्वखुशीने टाकलेली ब्लाइंडची दुप्पट) म्हणून ४ टाकले की तुझे १०० बिग ब्लाइंड प्रत्यक्षात ५० झाले, हेही ध्यानात ठेव.

आकड्यांचं थोडं गणित पाठच कर. एक तृतीयांश पॉट लावलास तर समोरच्याला कॉल परवडायला २० टक्के शक्यता लागते, अर्ध्याला २५, दोन तृतीयांशला साधारण २९, पूर्ण पॉटला ३३. फ्लश ड्रॉला (फ्लश, म्हणजे एका रंगाचे पाच, व्हायला एक पत्ता कमी) पुढच्या एका पत्त्यात १९-२० टक्के, दोन्ही टोकं उघडी असलेल्या स्ट्रेट ड्रॉला (स्ट्रेट म्हणजे ओळीने पाच पत्ते) १७ च्या आसपास. म्हणजे एक तृतीयांशला फ्लश ड्रॉ जवळजवळ योग्य किमतीत पुढे जातो, दोन तृतीयांशला तो तोट्यात कॉल करतो. आणि लहान, म्हणजे कमी पैशांच्या टेबलांवर तो कॉल करतोच, आकडा कितीही असो. त्याच्याकडून जास्त घेणं हाच तुझा नफा आहे. फक्त रिव्हरला तिसरं बदाम पडल्यावर त्याने मोठी बेट लावली तर ‘आता सोडवत नाही’ म्हणून पैसे भरू नकोस. नाहीतर आधी घेतलेली जास्तीची किंमत तूच परत देतोस.

बोर्ड (टेबलावरचे सामाईक पत्ते) बघून आकडा बदल. राजा, सत्ती, दुर्री, तिन्ही वेगळ्या रंगांचे आणि समोर एकच माणूस: एक तृतीयांश पुरतो, कारण त्याला काही लागलं नसेल तर तो तेवढ्यालाही जातो. दश्शी, नव्वी, अठ्ठी, त्यात दोन एकाच रंगाचे आणि समोर तिघे: इथे मजबूत हँड असेल तर दोन तृतीयांश ते पाऊण पॉट, नसेल तर सरळ चेक. एक्का-राजा घेऊन काही न लागता तिघांत बेट मारायची तुझी सवय महाग आहे. ब्लफचा हिशोब असा: अर्धा पॉट लावलास तर सगळे किमान ३३ टक्के वेळा फोल्ड झाले पाहिजेत, पूर्ण पॉटला ५० टक्के. तिघेही प्रत्येकी ६० टक्के वेळा फोल्ड करतात असं मानलं, तरी तिघे एकदम फोल्ड होण्याची शक्यता जेमतेम २२ टक्के. दोघांपेक्षा जास्त लोक असतील तर ब्लफ जवळपास विसर.

या टेबलांवरचे बरेच खेळाडू बेटचं पॉटशी असलेलं प्रमाण बघत नाहीत, हातातल्या चिप्स बघतात. १५ ला कॉल करणारा २० लाही करतो. ९५ ला कॉल करणारा १०० ला मात्र थबकू शकतो, कारण तो आकडा मोठा वाटतो. म्हणून कॉल हवा असेल तर गोल आकड्याच्या किंचित खाली राहा, फोल्ड हवा असेल तर त्याच्या वर जा. पुस्तकी शिकवण म्हणते की बेटच्या आकड्यावरून पत्ते ओळखू येऊ नयेत. लक्ष ठेवून खेळणाऱ्यासमोर ते खरंच आहे आणि तिथे तू तेच पाळ. पण स्वतःच्या दोन पत्त्यांपलीकडे न बघणाऱ्यासमोर मजबूत हँडला मोठी आणि मध्यमला लहान बेट लावायला काहीही हरकत नाही.

रिव्हरला हे सगळ्यात जास्त पैसे देतं. पॉट १०० आहे आणि तुझी हँड नक्की पुढे आहे. ४० ची बेट दहापैकी सहा वेळा कॉल होत असेल तर सरासरी २४ मिळाले. ८० ची बेट दहापैकी चारच वेळा कॉल झाली तरी ३२. बेट दुप्पट केली की कॉल निम्मे झाले तरी बरोबरी होते, आणि हे लोक त्याहून जास्त वेळा कॉल करतात. पण टॉप पेअर आणि कमजोर किकर घेऊन ८० लावलीस तर तुझ्यापेक्षा कमी हँड पळतात, वरच्या थांबतात. तिथे ३५-४० च बरी. त्यावर कोणी रेझ केली तर फोल्ड कर. लहान टेबलांवर टर्न किंवा रिव्हरला आलेली रेझ, अगदी कमीत कमी असली तरी, बहुतेक वेळा दोन जोड्या किंवा त्याहून वरची हँड असते. एरवी चेक करत बसणाऱ्याने अचानक पॉटएवढी बेट लावली तरी हेच समज. उलट, मोठ्या पॉटमध्ये कोणी चतुर्थांशहून लहान बेट पुढे सरकवत असेल तर त्याला बहुधा स्वस्तात शेवट गाठायचा असतो.

हाताळणीच्या दोन गोष्टी. रेझ करायची असेल तर आधी आकडा स्पष्ट बोल, मग चिप्स ठेव. न बोलता एकच मोठी चिप टाकली की ती कॉल धरली जाते. आणि हातात येतील तितक्या दोन-तीनदा पुढे सरकवल्या तर स्ट्रिंग बेट म्हणून रेझ रद्द होऊ शकते. आकडा ठरायच्या आधी चिप्सना हातच लावू नकोस, म्हणजे चाळवाचाळव करताना तुझा विचार कोणाला दिसणार नाही.

रेक बहुतेक ठिकाणी पॉटच्या ठराविक टक्क्यांनी, एका कमाल मर्यादेपर्यंत कापला जातो. लहान पॉटवर तो जास्त बोचतो, म्हणून स्मॉल ब्लाइंडमधून ‘अर्धे पैसे आधीच गेलेत’ म्हणत कॉल करणं कमी कर.

तासाला २५-३० च डाव होतात. एका महिन्याच्या निकालावरून आकडे चुकले की बरोबर ते कळणार नाही, ते डाव तपासूनच कळेल. पुढच्या वेळी तीन डाव लिहून पाठव. प्रत्येकात लहान स्टॅक किती होता, दर पत्त्याला पॉट किती होता, तू किती लावलेस आणि तेवढ्याला कोणती कमी हँड कॉल करेल असं लावताना वाटलं होतं, हे चारही लिही. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो तसाच रिकामा पाठव, डाव संपल्यावर भरू नकोस.

तुझा स्नेही