क्रेडिट स्कोअर सुधारतोय, आता दुसरं क्रेडिट कार्ड घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की एफडी तारण ठेवून घेतलेलं कार्ड आहे, लिमिट २५ हजार, आठ महिने बिल वेळेवर भरताय, स्कोअर ६६० च्या आसपास आलाय आणि घाटकोपरच्या मॉलमध्ये टेबल टाकून बसलेला मुलगा लाइफटाइम फ्री कार्ड देतोय, तर घेऊ का. आणि शेवटच्या ओळीत जाता जाता म्हटलंय, "जुनं एक कार्ड २०२१ मध्ये सेटल केलं होतं, तो विषय संपला."

तो विषय संपलेला नाही. या एका ओळीमुळेच मी उत्तर लिहायला बसले आहे.

लालबागला आमच्या मिस्टरांचं मंडप आणि लाइटिंगचं काम आहे. मी एका खासगी ऑफिसात अकाउंट्स बघते. लग्नसराईच्या आधी लोहार चाळीतून माल कार्डावर उचलायचा आणि पार्ट्यांचे पैसे आले की बिल पुरं चुकतं करायचं, ही त्यांची कित्येक वर्षांची पद्धत. एकदाही थकबाकी नव्हती. २०२० च्या फेब्रुवारीत असाच माल भरला, लाइट, केबल, सगळं, आणि मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला. लग्नं गेली. गणपतीवर आशा होती, तर त्या वर्षी मंडळांच्या मूर्तीला चार फुटांची मर्यादा आली आणि लालबागच्या राजाच्या मंडळाने गणेशोत्सवाऐवजी आरोग्योत्सव केला. तो निर्णय योग्यच होता. पण ज्या दहा दिवसांवर आमचं वर्षाचं गणित चालतं, ते दहा दिवस हातात काहीच आलं नाही.

रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली होती. मात्र व्याज चालूच होतं, आणि कार्डाचं व्याज म्हणजे महिन्याला साडेतीन टक्के, त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी. सव्वा लाखाचं बिल वर्षभरात दोन लाखांच्या घरात गेलं. मग वसुलीचे फोन. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ मध्ये आला. आमच्या वेळी फोनला काळवेळ नव्हता.

शेवटी २०२१ मध्ये वसुलीवाल्याने सांगितलं, एक लाख दहा हजार एकरकमी भरा, बाकी माफ, खातं बंद. मी पाटल्या मोडल्या आणि पैसे भरले. पत्र आलं, घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास घेतला. या 'माफी'ची नोंद क्रेडिट रिपोर्टवर कशी पडते, हे बँकेतल्या एकानेही तोंडातून काढलं नाही. सेटलमेंट करणाऱ्याला हे आधी सांगणं त्यांचं काम होतं असं माझं ठाम मत आहे, आजही.

२०२३ मध्ये काम पुन्हा उभं राहिलं. छोटा टेम्पो घ्यायचा होता, लोन नाकारलं. तिथले मॅनेजर भले होते, त्यांनी रिपोर्ट समोर ठेवला. त्या कार्डापुढे 'सेटल्ड' लिहिलेलं. खाली महिन्या-महिन्याची थकबाकीची चौकट. ते म्हणाले, "ताई, स्कोअर आम्ही नंतर बघतो. आधी हा शब्द बघतो."

इथून आमच्या घरातलं भांडण सुरू झालं. मोठे भाऊजी, म्हणजे मिस्टरांचे थोरले भाऊ, त्यांचं म्हणणं सरळ होतं : "आता नवीन कार्ड काढा. जमलं तर दोन काढा. चांगलं रेकॉर्ड वर चढलं की जुनं आपोआप खाली जातं." मी म्हटलं, आधी माफ केलेली रक्कम भरून ते खातं नीट बंद करून घेऊ. त्यावर ते भडकले. सुटलेले पैसे परत नेऊन द्यायला निघालेली बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली म्हणे. जेवणाच्या ताटावर सगळ्यांसमोर बोलले. मिस्टर मध्ये काही बोलले नाहीत, आणि ते मला भाऊजींच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

मी ऐकलं नाही. बँकेच्या शाखेत गेले तर पहिलं उत्तर, "खातं बंद आहे, पैसे कुठल्या खात्यात घेणार?" दुसऱ्या वेळी वेगळा माणूस, तेच उत्तर. मग बँकेच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या वरच्या अधिकाऱ्याला, लेखी अर्ज केला : मूळ सेटलमेंटचं पत्र जोडलं, उरलेली रक्कम भरायची तयारी आहे असं लिहिलं, आणि भरल्यावर खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवणार हे आधी लेखी द्या असं मागितलं. लेखी आल्याशिवाय एक रुपया भरायचा नाही, हे लक्षात ठेवा. व्याज आणि दंडाच्या भागावर त्यांनी थोडी घासाघीस मान्य केली. माझी भिशी त्याच सुमारास लागली होती, ती सगळी तिकडे गेली. एनओसी, म्हणजे आता काही येणं बाकी नाही असं बँकेचं पत्र, हातात आली तरी रिपोर्ट बदलला नाही, मग हा रिपोर्ट बनवणाऱ्या सिबिल कंपनीकडे ऑनलाइन तक्रार टाकली आणि एनओसी बँकेला परत पाठवली. तेव्हा कुठे तो शब्द गेला.

आता यासाठी तुमच्या हातात माझ्यापेक्षा चांगलं हत्यार आहे. एप्रिल २०२४ पासून नियम आहे : रिपोर्टमधली चूक दुरुस्त करायची तक्रार ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. फक्त हे चुकीच्या नोंदीसाठी. तुम्ही खरोखर कमी पैसे भरून सेटल केलं असेल तर 'सेटल्ड' ही नोंद चूक नाही, ती खरी आहे. आधी उरलेले पैसे भरावे लागतील. रिपोर्ट बघायला एजंटला पैसे देऊ नका. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांनीही वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही काढा, एकात सुधारलेलं दुसऱ्यात तसंच राहिलेलं असू शकतं. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही.

टेम्पोचं लोन २०२४ मध्ये त्याच मॅनेजरांनी केलं. तोवर आमच्याकडे एकच कार्ड होतं, एफडीवरचं. भाऊजींनी मधल्या काळात स्वतःच्या सल्ल्याप्रमाणे दोन-तीन ठिकाणी कार्डाचे अर्ज टाकले होते, त्यांचंही एक जुनं खातं अर्धवट होतं. सगळीकडून नकार आला, आणि प्रत्येक अर्जाची चौकशी, म्हणजे त्या बँकेने रिपोर्ट मागवल्याची नोंद, रिपोर्टवर चढली. पुढच्याने ती रांग बघून आणखी नकार दिला. तरी त्यांचं म्हणणं तेच आहे की मी पैसे वाया घालवले. भाऊजी, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे, कारण जाऊबाई तुम्हाला वाचून दाखवतील. त्या टेम्पोवर या गणपतीत तुमच्या मुलालाही काम होतं. त्यात वाया काय गेलं ते मला सांगा.

तुमच्या कार्डाकडे येते. दुसऱ्या कार्डाने एक गोष्ट खरंच होते, ती नाकारत नाही. २५ हजारांच्या लिमिटवर तुम्ही १५ हजार वापरत असाल तर वापर ६० टक्के दिसतो, आणि ३० च्या खाली असावा असं मानतात. ४० हजारांचं दुसरं कार्ड आलं की तोच खर्च ६५ हजारांवर मोजला जातो, २३ टक्के. पण हेच काम एफडी वाढवूनही होतं. त्याहून सोपं म्हणजे स्टेटमेंट निघायच्या दोन-तीन दिवस आधी बरेचसे पैसे भरून टाका. बँक साधारणपणे स्टेटमेंटवरची बाकी कळवते. ड्यू डेटला पूर्ण भरलं तरी तोवर १५ हजार कळवून झालेले असतात. जानेवारी २०२५ पासून बँकांना निदान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

'सेटल्ड' असताना बिनतारणाचं कार्ड मागणं म्हणजे बहुधा नकार आणि वर एक चौकशी. मिळालंच आणि रुपेचं असलं तर ते यूपीआयला जोडून मासळीपासून रिक्षापर्यंत सगळं त्यावर जायला लागतं, आणि बिल महिनाअखेरीला कळतं. मिनिमम ड्यू, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून ढकलायची सवय लागली की संपलं, कारण पूर्ण बिल भरलं नाही तर नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. पूर्वी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने या व्याजाला वर्षाला ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये ती रद्द केली. वर कुणी अडवणारा नाही.

हे सगळं मी तुमच्या शेवटच्या ओळीवरून लिहिलंय. तुम्ही 'सेटल' म्हणताय आणि प्रत्यक्षात पूर्ण रक्कम भरून खातं बंद केलं असेल, तर गोष्ट वेगळी. तसं असेल, पहिल्या कार्डाला वर्ष झालं असेल, लिमिट वाढवायला बँक नाही म्हणत असेल आणि पुढच्या सहा महिन्यांत घरासाठी किंवा गाडीसाठी लोन काढायचं नसेल, तर दुसरं कार्ड घ्या, काही बिघडत नाही. तेही शक्यतो तुमचा पगार जमा होतो त्या बँकेचं. एफडीचं पहिलं कार्ड मात्र तेव्हा बंद करू नका.

आणि मॉलमधल्या त्या मुलाला पॅन आणि ओटीपी आधीच दिला असेल तर अर्ज बहुधा गेलेला आहे, 'नुसतं एलिजिबिलिटी बघतो' असं तो म्हणाला असला तरी. आठवड्याभराने रिपोर्ट काढून चौकशी पडली का ते बघा. कार्ड घरी आलं तर लगेच सुरू करू नका. ३० दिवसांत सुरू झालं नाही तर बँकेला तुमची ओटीपीने संमती मागावी लागते, आणि तुम्ही ती दिली नाहीत तर सात कामाच्या दिवसांत एक पैसाही न घेता ते बंद करावं लागतं. तो ओटीपी मागणारा फोन येईल, गोड बोलतील. देऊ नका.