जर्मनी की ब्रिटन? नाशिकच्या एका नर्सला उत्तर

स्वाती,

तुझा प्रश्न वाचून दोन ओळींत उत्तर देणार होते, जमलं नाही. तू विचारलंस, "ताई, ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं, म्हणजे तिकडच्या नर्सेसची स्पर्धा संपली. आपल्यासाठी हे चांगलंच झालं ना? की युनियनमधला देश बघू, जर्मनी?" सध्या मी पंचवटीत आईकडे आले आहे, दुपारी निवांत वेळ मिळतो. आणि हा विषय आमच्या घरात आजवर कधी नीट बोलला गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

कागद कोणते, इंग्रजीच्या परीक्षेत बँड किती, व्हिसाची फी किती, हे सरकारी साईटवर बघ. ते सारखं बदलतं, मी सांगितलेलं शिळं निघेल.

२०१५ च्या ऑक्टोबरात आम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरला पोचलो. आयसीयूचा इतका अनुभव गाठीशी असूनही सीबीटी, म्हणजे कॉम्प्युटरवरची परीक्षा, द्यावी लागली, तिकडे गेल्यावर ऑस्की, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा. ऑस्की होईपर्यंत पिन, म्हणजे नर्सचा नोंदणी क्रमांक, नाही आणि पिन नाही तोवर तू नर्स नाहीस, असिस्टंटचा गणवेश घालून बेडपॅन द्यायचे. माझ्याच वॉर्डात पोर्तुगाल, स्पेन, रोमानियाच्या मुली होत्या, कॉलेजमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या. युनियनच्या कायद्याने एका देशाची नर्सिंगची पदवी सगळ्या देशांत मानली जाते, त्यामुळे त्यांना ऑस्की नव्हती. इंग्रजीची परीक्षासुद्धा त्यांना २०१६ च्या जानेवारीत लागली. या मुली फार गोड होत्या. ड्युटी संपल्यावर थांबून त्यांनीच माझी ऑस्कीची तयारी करून घेतली. पण रात्री घरी मी पुन्हा हात धुण्याच्या पायऱ्या घोकत बसायची, ते माझा नवरा बघत होता. त्याला ते फार लागलं.

२३ जून २०१६ ला, युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं, यावर ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. आम्ही दोघं भारतीय पासपोर्टवर, येऊन वर्षही झालं नव्हतं, तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आम्हाला मत होतं. आमची शेजारीण दमणची, घरात गुजराती बोलणारी. दमण १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं, त्या नात्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढून लेस्टरला आलेली दमण-दीवची पुष्कळ कुटुंबं आहेत, त्यातलीच ती. कितीतरी वर्षं तिथे राहत होती, कर भरत होती. तिला मत नव्हतं. तिच्या भवितव्याचा फैसला करायला मी गेले, आणि ती माझ्या मुलीला सांभाळत घरी बसली.

मी राहण्याच्या बाजूने मत दिलं, नवऱ्याने बाहेर पडण्याच्या. तेव्हा प्रचारात आपल्या लोकांना सांगितलं जायचं, युरोपवाल्यांना मोकळं रान आहे म्हणून तुम्हाला व्हिसा मिळत नाही. बाहेर पडलो की भारत, बांगलादेशच्या माणसांनाही त्यांच्या बरोबरीने संधी मिळेल. करी रेस्टॉरंटच्या मालकांना तर आचाऱ्यांच्या व्हिसाचं गाजर दाखवलं होतं. नवरा म्हणाला, "मी तुझ्यासाठी मत देतोय." लेस्टरमध्ये ५१.१ टक्के लोक राहण्याच्या बाजूचे निघाले, देशात मात्र ५१.९ टक्के बाहेर पडण्याच्या. त्या रात्रपाळीनंतर घरी आले तेव्हा आम्ही चहा प्यायलो आणि निकालावर एक शब्दही बोललो नाही.

पुढे काय झालं ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. २०१५-१६ मध्ये युरोपातल्या नऊ हजारांवर नर्सेसनी ब्रिटनमध्ये नोंदणी केली होती. दोनच वर्षांत हा आकडा हजाराच्या आत आला. त्यात इंग्रजीच्या परीक्षेचा वाटा होता, पण आमच्या वॉर्डातल्या मुली परीक्षेमुळे गेल्या नाहीत. "आता इथे आपण नकोसे झालो" असं त्यांना वाटलं म्हणून गेल्या. ज्यांनी मला ऑस्कीला उभं केलं त्यांच्या निरोपाचे केक मीच कापले. त्यांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि त्यांचे पेशंट आमच्या अंगावर आले. स्पर्धा संपली म्हणतेस, ती अशी संपली.

मग आपले दिवस आले, हेही खरं. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं, २०२१ च्या जानेवारीपासून सगळ्या जगाला पॉइंट मोजून व्हिसा देण्याची एकच पद्धत लागू झाली. केरळच्या मुलींनी वॉर्ड भरले. २०२२ मध्ये म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणाऱ्या केअर वर्करलाही व्हिसा मिळू लागला आणि आपल्या कॉलेज रोडवरसुद्धा लाखो रुपये घेऊन स्पॉन्सरशिप विकणारे बसले. स्थलांतरितांचा निव्वळ आकडा वर्षाला नऊ लाखांवर गेला आणि तिकडच्या लोकांचा भडका उडाला. मार्च २०२४ पासून नव्या केअर वर्करला कुटुंब आणता येईना. एप्रिलमध्ये स्किल्ड वर्करच्या पगाराची अट २६,२०० वरून ३८,७०० पौंडांवर गेली, पुढच्या वर्षी ४१,७००. जुलै २०२५ मध्ये बाहेरून केअर वर्कर आणणंच बंद झालं. नर्सला अजून दार उघडं आहे. पण पाच वर्षांनी मिळणारा पीआर, म्हणजे कायम राहण्याची परवानगी, दहा वर्षांनी द्यायचा, हा प्रस्ताव सरकारने २०२५ मध्येच मांडला.

स्वाती, माझं म्हणणं एवढंच आहे. युनियनमधल्या माणसाचा हक्क करारात लिहिलेला असतो, तो कुठल्या एका मंत्र्याला काढून घेता येत नाही. आपल्याला असते ती परवानगी. युनियन सोडली की देशाला आपल्या दाराची किल्ली परत मिळते. ब्रिटनला तेच हवं होतं आणि ते मिळालं. एखाद्या देशाला तसं वाटण्यात मला गैर काही दिसत नाही. पण २०२१ ला ज्या किल्लीने दार उघडलं, तिनेच ते २०२४ ला लावलं. आपण त्या मधल्या काळात मुलाबाळांसकट आत पाऊल टाकणारी माणसं. अर्थात सगळा दोष ब्रेक्झिटचा नाही. २००६ मध्ये, युनियनमध्ये असतानाच, त्यांनी पीआरची चार वर्षांची अट आधीच आलेल्या लोकांना पाच वर्षांची केली होती. आपली माणसं कोर्टात जाऊन ते जिंकली, पण तीन वर्षं त्यात गेली.

आता जे मला अजून बोचतं ते. मुलगी गेली तेव्हा तेरा वर्षांची, जन्म ऑगस्टचा. नाशिकला पहिल्यापासून इंग्रजी माध्यम, तरी शाळेने तिच्या नावापुढे 'इंग्रजी ही दुसरी भाषा' असं लिहून तिला खालच्या गटात बसवलं. मी दोनदा भेटायला गेले. गोड बोलून परत पाठवलं. ती स्वतःच्या हिमतीवर वरच्या गटात गेली, तो राग मी गिळला.

दुसरा गिळता आला नाही. तिकडे वर्ग ठरतो तो १ सप्टेंबरच्या आधी जन्म की नंतर, यावर. ऑगस्टचा जन्म म्हणून ती २०२० मध्ये कॉलेजला जाण्याजोगी झाली. आमचा पीआर येणार होता ऑक्टोबरात. कोर्स सुरू होतो त्या दिवशी पीआर हातात नसेल तर मूल परदेशी धरतात: फी कितीतरी जास्त आणि सरकारी कर्ज नाही. नंतर पीआर आला तरी त्या कोर्सपुरती फी बदलत नाही. तिच्या वर्गातली रोमानियाची मैत्रीण आमच्या नंतर आलेली. ती युनियनची नागरिक, तिला तिकडच्या मुलांसारखी ९,२५० पौंड फी, तीही कर्जातून. माझी मुलगी एक वर्ष थांबली. त्या जूनअखेरीस सगळ्या देशाचं लॉकडाऊन सैल होत असताना एकट्या लेस्टरवर पुन्हा लॉकडाऊन लादलं होतं. मैत्रिणी वेगवेगळ्या गावी कॉलेजला गेल्या आणि ही गोदामात खोकी भरत होती. तक्रार केली नाही, ते जास्त लागतं.

पुढच्या वर्षी त्या मैत्रिणीच्या मामेबहिणीला रोमानियातून शिकायला यायचं होतं. आता युनियनच्या मुलांनाही परदेशी फी लागू झाली होती, तिचं येणं रद्द झालं. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, त्यांचं काढून घेतलं. पण मला काय मिळालं?" नवरा उठून बाल्कनीत गेला. त्याने माझ्यासाठी मत दिलं होतं, हे मला माहीत आहे. मी त्याला दोष देत नाही आणि ते विसरतही नाही. दोन्ही एकाच वेळी कसं, ते मला सांगता येणार नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. ड्युट्या लागल्या की त्याच्याकडे बघायला वेळ नसतो, आणि लेस्टरला कोथिंबिरीपासून गणपतीपर्यंत सगळं मिळतं. त्यापायी निर्णय अडवू नकोस.

देश म्हणून नफा-तोटा विचारशील, तर तिकडच्या सरकारी अर्थसंकल्प संस्थेचाच अंदाज आहे की युनियनमध्ये राहिले असते त्यापेक्षा उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्क्यांनी कमी राहील. दुसरीकडे जुलै २०२५ मध्ये भारताशी व्यापार करार झाला, तो युनियनमध्ये राहून स्वतंत्रपणे करता आलाच नसता. माझा भाऊ निफाडला द्राक्षं लावतो. द्राक्षांवर राहणाऱ्या फवारणीच्या औषधांच्या अंशांची मर्यादा पूर्वी सगळ्या युरोपला एकच होती. २०१० ला त्यावरून माल अडकला तेव्हा सगळीकडेच अडकला. आता ब्रिटनची यादी वेगळी, युनियनची वेगळी, दोन्ही सांभाळून फवारणी करावी लागते. तो म्हणतो, दोन दारं असलेली बरी. त्याच्या द्राक्षांना पीआर लागत नाही, म्हणून त्याला तसं वाटू शकतं.

जर्मनीचं सांगते. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी १० हजार कुशल लोक पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सेस आहेत. जर्मन भाषा साधारण बी-टू पातळीपर्यंत यावी लागेल, म्हणजे ड्युटी सांभाळून वर्षभर तरी जीव काढावा लागेल. तिथे जाऊनही तू युनियनची नागरिक होत नाहीस, परवानगीवरच राहतेस, हे विसरू नकोस. पण पाच वर्षांनी नागरिकत्व मिळू शकतं, आणि ते मिळालं की सत्तावीस देशांत राहायचा, नोकरी करायचा हक्क मिळतो. माझ्या मुलीला ब्रिटिश पासपोर्ट मिळाला तो ब्रेक्झिटनंतर. तिला बर्लिनला नोकरी करायची होती. तिला आता नाशिकच्या मुलीसारखाच व्हिसा काढावा लागेल. बाडेन-वुर्टेमबर्गच्या कॉलेजात युनियनबाहेरच्या मुलांना सहामाहीला १,५०० युरो लागतात, तिथलीच शाळा पास झालेल्यांना नाही. पण तुझा मुलगा सातवीत आहे. तिथे चौथीनंतरच मुलांच्या वेगवेगळ्या शाळा होतात, भाषा न येणाऱ्याला आधी तयारीच्या वर्गात घालतात. त्याला ते झेपेल का, हे तूच सांगू शकतेस.

तुझ्या जागी मी एकटी असते तर ब्रिटन, मूल पाचवीच्या आत असतं तर जर्मनी. सातवीतला मुलगा घेऊन मला पटकन कुठलंच सांगवत नाही. ब्रिटनला पीआर खरंच दहा वर्षांवर गेला तर तो बाविशीचा झालेला असेल, कॉलेज केव्हाच सुरू झालेलं असेल.

त्याची जन्मतारीख कळव, १ सप्टेंबरच्या आधीची की नंतरची. दोन्ही देशांचा हिशेब मी वहीत मांडून ठेवते. रविवारपर्यंत इथे आहे, संध्याकाळी सहानंतर ये, आणि त्यालाही घेऊन ये.